उंबऱ्याबाहेरचे बूट

त्या वर्षी शहरात घरफोड्यांचा आकडा सारखा चढत होता आणि दर बैठकीत मोठे साहेब आमची हजेरी घेत. बंद गिरणीमागची बैठी घरं माझ्या ठाण्याच्या हद्दीत येत. लोकांनी जाड कड्या बसवल्या, खिडक्यांना गज लावले, तरी भरदुपारी दारं फुटतच होती.

मग ताईचं दार फुटलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून त्या गल्लीत एकटीच राहायची. त्या दुपारी ती माझ्याकडे जेवायला आली होती. तिला सोडायला गेले, तर कडी उचकटलेली. आत मात्र काडीसुद्धा हललेली नव्हती. मेहुण्यांचं घड्याळ टेबलावर तसंच टिकटिकत होतं. उंबऱ्याबाहेर कुणा पुरुषाचे बूट होते. व्यवस्थित, जोडीनं, टाचा भिंतीला टेकवून ठेवलेले.

चोर अनवाणी का पळाला, असं ताईनं विचारलं. मी बूट पुराव्यासाठी ठाण्यात नेले.

जीव मुठीत धरून जगायचं नाही म्हणून तिनं घर विकायला काढलं. माझ्याच हद्दीत माझी बहीण घाबरून निघाली होती. कुठल्या तोंडानं थांब म्हणू?

तोवर त्याच गल्लीत आणखी दोन दारं फुटली. दोन्ही घरं रिकामी होती. चोरी काहीच नाही. बाहेर एकीकडे चपला, दुसरीकडे नाड्या सोडून ठेवलेले बूट. चोरांना बरं वळण लागलंय, अशी ठाण्यात चेष्टा झाली. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात एक हडकुळा तरुण ठाण्यात आला आणि त्यानं बूट परत मागितले. ताईच्या दाराशी सापडलेले. पायात बरोबर बसले.

मी त्याला समोर बसवलं. तो खाली मान घालून बोलत होता. आत पाऊल टाकणार, तोच स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला म्हणे, पायातलं बाहेर काढ. त्यानं काढलं. मग ती दुसरं काही बोलली.

"काय बोलली?"

"म्हणाली, किती वाळलास रे."

"मग?"

"रडूच आलं, मॅडम. मला असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं."

घर रिकामं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्यानं गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. आता तो एका सुताराकडे कामाला आहे. ताईचं नवं दार त्यानंच बसवलं. त्याची हकिकत मी ताईला त्याच संध्याकाळी सांगितली होती. मग तिनं दलालाला फोन करून घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. गल्लीत त्यानंतर दार फुटलं नाही.

परवा आम्ही दोघी बाजारातून आलो. ताईनं कुलूप काढलं, दार ढकललं आणि आत हाक दिली, "आले गं."

उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली, कान देऊन. मग हसली.

मला काही ऐकू आलं नाही.

पिशव्या ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले. आम्ही सकाळपासून बाहेर होतो.

ओटा नुकताच पुसलेला होता. फडक्याचे ओले फराटे अजून वाळत होते.