परतीचा पाइप

नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात एका रांगेतलं शेवटचं घर यतीननं घेतलं, ते मोकळ्या बाजूसाठी. एका भिंतीला शेजारी, दुसरीपलीकडे नुसतं गवत आणि सायकलींची वाट. पुण्यातल्या सोसायटीत चारी बाजूंनी लोकांचे मिक्सर ऐकत वाढलेल्या माणसाला ही चैनच होती.

माळ्यावरचा हीटिंगचा बॉयलर मात्र म्हातारा झाला होता. ऑक्टोबरात तो दोनदा बंद पडला आणि त्याच्या बायकोला, नीरजाला, काळजी लागली. त्यांची संहिता पाच वर्षांची. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, छाती तेव्हापासून नाजूक. मागच्या थंडीत तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. यंदा घर गार पडून चालणार नाही, हे नीरजानं नवऱ्याला निक्षून सांगितलं.

यतीन कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कंपनीत मोजमापाचं काम करणारा. तीन मतं घेतल्याशिवाय तो सायकलसुद्धा विकत घेत नसे, तिथे बॉयलरची काय कथा. नोव्हेंबरात त्यानं तीन ठिकाणची माणसं बोलावली. पहिला म्हणाला, गॅसचाच नवा बॉयलर बसवा आणि मोकळे व्हा. दुसऱ्यानं गॅसचं नावही काढू नका म्हणत विजेवर चालणाऱ्या हीट पंपाचे गोडवे गायले. तीन तिघाडा काम बिघाडा, असं नीरजा पुटपुटली.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. संहिताच्या पलंगामागे दोन पाइप मोकळ्या बाजूच्या भिंतीत शिरले होते. जुन्या मालकाचा काहीतरी उद्योग असेल, कापा आणि बूच मारा, असं दोघंही म्हणाले. यतीननं हात लावून पाहिलं. गरम पाणी भिंतीत नेणाऱ्या पाइपवर हात टेकवत नव्हता, आणि परतीचा गारठलेला होता. म्हणजे ऊब भिंतीत जात होती आणि तिथे कुठेतरी खर्च होत होती. तो बाहेर जाऊन भिंत बघून आला. विटा, शेवाळ, गवत. विटांवरसुद्धा गोठलेलं दव होतं. ऊब बाहेर येत नव्हती. त्याला ते खटकलं.

तिसरी आली ती मारीके, उंच, बोलकी बाई. बॉयलर बघून तिनं दोन विनोदही केले. मग पलंगामागे गुडघे टेकून तिनं परतीच्या पाइपवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"काहीही बसवा," उठताना ती इंग्रजीत म्हणाली, "पण हे थंडीत तोडू नका."

"का?"

"उन्हाळ्यात तोडा. थंडीत नको."

त्यापुढे ती ताकास तूर लागू देईना. नीरजानं केलेली कॉफी तशीच ठेवून ती निघून गेली आणि तिचं कोटेशन कधी आलंच नाही.

संहिता जिन्यात बसून सगळं ऐकत होती. तिला मराठी कळायची, पण उत्तर डचमध्ये यायचं. अपवाद एकच. दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, हे पुण्याच्या आजीनं तिच्या अंगात भिनवलं होतं. "या ना, बसा," हे ती अगदी आजीच्या ठसक्यात म्हणायची. पाहुणे हसायचे, आणि नीरजाला लेकीचा अभिमान वाटायचा.

कामावर यतीनचा नियम होता, तीनपैकी दोन मोजमापं जुळली तर तिसरं सोडून द्यायचं. घरातल्या पाइपांनाही त्यानं तोच लावला. डिसेंबरात गॅसचा नवा बॉयलर बसला, दोन्ही पाइप कापले गेले, तोंडांना बुचं बसली.

घर छान तापायला लागलं. फक्त पलंगामागची ती भिंत गार पडली आणि संध्याकाळी तिच्यातून आवाज येऊ लागला. ठोकल्यासारखा, पण हलका. भिडस्त माणूस दार वाजवतो तसा. पाइपात हवा अडकली असेल, असं यतीननं नीरजाला सांगितलं. पण पाइपात आता पाणीच नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो घाबरला होता. पलंग दुसऱ्या भिंतीला लावायचं त्यानं रविवारवर ढकललं.

"बाबा, त्यांना खूप थंडी वाजते," संहिता जेवताना डचमध्ये म्हणाली.

"कुणाला?"

तिनं वरणभाताचा पुढचा घास घेतला.

बुधवारी शाळा दुपारीच सुटते. नीरजा ऑफिसात होती, यतीन घरून काम करत होता. संहिता वर जाऊन झोपली. दुपार सरता सरता बाहेर अंधारून आलं आणि ठोकणं सुरू झालं.

यतीन खुर्चीतून उठला.

वरून लेकीचा आवाज आला, झोपाळू, पण स्वच्छ मराठीत.

"या ना. बसा."

ठोकणं थांबलं.

तो धावतच जिना चढला. खोली उबदार होती, रेडिएटर तापलेला होता. संहिता गाढ झोपली होती, पलंगाच्या अगदी कडेला, अंग चोरून. भिंतीकडची जागा तिनं मोकळी सोडली होती. पांघरूण सगळं तिकडेच ओढलेलं होतं.

त्यानं त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. गादी छान उबदार होती.

मग त्यानं संहिताच्या पावलाला हात लावला. ते परतीच्या पाइपइतकं गार होतं.