गुरुवारी सुट्टी घेणारं भूत

"अरीब, मोटर बंद कर!"

"बटण बंदच आहे, आपा! तरी चालू आहे!"

गच्चीवरची टाकी धो धो वाहत होती. दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा ओलेचिंब झाले होते. भर दुपारी घरातले सगळे दिवे लागले होते आणि आपोआप उघडलेल्या फाटकातून एक शेळी थेट अंगणात शिरली होती. मनतशाने आधी शेळीला हाकललं, मग कमरेवर हात ठेवून घराकडे पाहिलं. भ्यायली? छे! भयंकर चिडली होती.

विष्णुपुरीचं हे घर अब्बांनी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर घेतलं होतं. नांदेडच्या बाजारात त्यांचं बॅगांचं दुकान. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, आणि आता हे पहिलं स्वतःचं घर! पण आधीच्या मालकाने घरभर मोबाईलवर चालणारी यंत्रं बसवली आणि तो परदेशी निघून गेला. कोणती वायर कुठे जाते, पासवर्ड काय, याचं चिठोरंसुद्धा मागे ठेवलं नाही. फोनही उचलत नव्हता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "भिंती फोडाव्या लागतील." शेजारच्या धुरपताबाई तर त्याच्याही पुढे! "फाटकाच्या खांबातून माणूस बोलतो गं माय. म्या माझ्या कानानं आयकलं!"

जुम्म्याच्या नमाजाहून परतलेल्या अब्बांनी ओले कपडे पाहिले आणि हात टेकले. "परक्याच्या हुकमावर चालणारं घर काय कामाचं? उद्या संध्याकाळी एजंट येऊन राहिलाय. विकून टाकू."

मनतशाच्या खोलीच्या खिडकीतून गोदावरीचं पाणी दिसायचं. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली स्वतःची खोली! "मी न्हाई जाणार," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

सकाळी ती, अरीब आणि शेजारची महामाया पायरीवर बसले.

"परवा काहीच झालं न्हाई," महामाया म्हणाली. "परवा गुरुवार."

"त्याच्या आधीच्या गुरुवारीबी न्हाई," अरीब म्हणाला. "आणि जेवणाच्या वेळेला तर कधीच न्हाई."

महामायाला हसू आवरेना. "लई लाडाचं भूत हाय! हप्त्याची सुट्टी, जेवणाची सुट्टी!"

मनतशा ताडकन उठली. अब्बांचं दुकान सोमवारी बंद असायचं. सोमवारी अब्बा घरी, हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. "भुताला कशाला सुट्टी लागते गं? हा दुकानदार हाय, दुकानदार!"

तिघं फाटकाच्या खांबाशी दबा धरून बसले. तिथे कॅमेऱ्याची घंटी होती. ऊन तापलं, अरीब कुरकुरायला लागला, आणि तेवढ्यात घंटीवर निळा दिवा लागला. फाटक उघडलं!

"बघा गुरुपादप्पा साहेब!" खांब बोलला. "लातुरात माझ्या दुकानात बसून नांदेडचं फाटक उघडलं का न्हाई? आवाजबी जातो. हॅलो! हॅलो!"

मनतशाने कॅमेऱ्यासमोर तोंड नेलं. "हॅलो! बोला!"

खांबाची बोबडीच वळली. "को... कोण हाय?"

"या घरात राहणारी! तुम्ही कोण?"

"पंचाक्षरी. ही मशिनं म्याच बसवली. घर रिकामं हाय ना? गिऱ्हाइकाला नमुना दाखवून राहिलो."

"तुमच्या नमुन्यापायी आमची टाकी वाहते! आमच्या घरात शेळ्या शिरतात!"

"ए पोरी, सरक बाजूला. मोठं माणूस असलं तर बोलव."

"मोठी माणसं तुमच्यामुळं घर विकायला निघालीत! काय बोलायचं ते माझ्याशी बोला!"

मग तिकडून एक जाडा, सावकाश आवाज आला. तो गुरुपादप्पांचा होता. "पंचाक्षरी, उद्या माझ्याबी घराचं फाटक तू असंच उघडशील व्हय रे?"

मनतशाने संधी सोडली नाही. "आमचं घर तुमच्या मोबाईलमधून काढा. आत्ता! त्या साहेबांच्या डोळ्यांदेखत!"

"काढ, काढ," जाडा आवाज म्हणाला. "पोरगी बरोबर बोलून राहिली."

"काढतो माय, काढतो... मालकानं घर विकलं, मला कुणी सांगितलंच न्हाई." निळा दिवा विझला.

अरीबने तोवर घरात पळत जाऊन सगळी यंत्रं चालवणारी जिन्याखालची पांढरी पेटी उघडली होती. तिच्या पोटाला एक बारीक भोक होतं. "आतलं बटण दाबलं की जुनं सगळं पुसतं. सुई पाहिजे!"

"ही घे." दारात अम्मी उभी होती, हातात गोधडीची दणकट सुई. तिने सगळं ऐकलं होतं. "नीट दाब."

दिवे लुकलुकले, पेटी गप्प झाली आणि अम्मीच्या मोबाईलने नवा पासवर्ड मागितला. तो अम्मीने घातला. काय घातला ते आम्ही इथे सांगणार नाही! मग दुपारभर तिघांनी एकेक बटण दाबून पाहिलं आणि कशाने काय चालतं ते भिंतीवर खडूने लिहून टाकलं. भिंती खराब केल्या म्हणून अम्मी पहिल्यांदाच रागावली नाही.

संध्याकाळी अब्बा आले. सगळी हकिकत ऐकून त्यांनी अम्मीच्या मोबाईलवर मोटर चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. मग मनतशाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी हात टेकले, बेटा. तुम्ही न्हाई टेकले. शाब्बास!"

बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. एजंट उघड्या फाटकातून आत डोकावत होता. "नासिरभाई, घर बघून घेऊ का?"

अब्बांनी मोबाईल मनतशाच्या हातात दिला. ती थेट फाटकापाशी गेली.

"घर विकायचं न्हाई!" तिने ठणकावून सांगितलं आणि अंगठा दाबला.

एजंटच्या नाकासमोर फाटक सरसरत बंद झालं. आता ते घरच्यांचाच हुकूम ऐकत होतं.