वीतभर सूत

दिवाळी संपून आठवडा झाला होता. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या दुकानात मी पाटीवरच्या पेन्सिलींचे डबे लावत होते, तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी परडी ठेवली, ती कलंडली, आणि मी दोन्ही हातांनी वीस राक्षस झेलले.

अंगठ्याएवढे. मातीचे. कुणाला दोन तोंडं, कुणाला पंख... आणि सगळ्यांचा रंग ओला!

"जपून हं," समोरचा उंच माणूस म्हणाला. "वाळायचेत अजून."

"मग ओले घेऊन कशाला हिंडता हो?"

"दम निघंना की."

माझे दोन्ही पंजे लालभडक झाले होते. त्यानं शेजारी कागदांचा एक गठ्ठा ठेवला होता. "हे बघा तुमचे प्रताप!" म्हणत मी रागानं त्या गठ्ठ्यावर हात आपटला. वरच्या पानावर माझा अख्खा पंजा उमटला. तो पानाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे... आणि हसला. हसायला काय झालं होतं?

त्याचं नाव शिवपुत्र. गाव वळसंग. चादरीच्या कारखान्यात आलेखाच्या कागदावर नक्षी काढायची चांगली नोकरी होती, ती सोडून साहेबांनी खेळ काढला होता – 'गंधर्वगड'. दोघांनी खेळायचं. अंथरलेली चादर हे रणांगण, तिच्या मधोमध गड, आणि दोघांकडे दहा-दहा जण: यक्ष, वेताळ, पंखांचे घोडे. माझ्या वडिलांचं, अप्पांचं आजोळ वळसंग. तिथला माणूस म्हटला की ते विरघळतात. त्यांनी लगेच एक फळी मोकळी करून दिली.

"चाळीस डबे केलेत," शिवपुत्र म्हणाला. "गड्डा उठंपत्तूर सगळे खपले तर ठीक. न्हायतर निंगप्पादादाला शब्द दिलाय, गुमान गावाकडं जाऊन शेती बघायची."

म्हणजे जानेवारीतली जत्रा संपेपर्यंत. माझं काय जात होतं? काही नाही. तरी मी त्या रात्री नियमांचा तो गठ्ठा वाचायला मागितला. लाल पंजाचं पान मात्र त्यानं काढून घेतलं होतं.

बासष्ट नियम! मी कपाळाला हात लावला.

"वेताळ सोमवारी लढत नाही, हे काय आहे?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"सोमवारी उपास असतो की."

"वेताळाला?"

"मला. पण त्याला तरी कशाला उपाशीपोटी..."

"आणि गिऱ्हाइकानं डबा सोमवारीच नेला तर?"

"मंगळवारपत्तूर थांबायचं."

असा माणूस! सांगायचं काय आणि कुणाला?

पंधरा दिवसांत सहा डबे गेले आणि सहाही परत आले. शेजारच्या फुलाबाई तर डबा आपटूनच गेल्या. "घोडा तीन चौकोन उडतो म्हणे. आमच्या चादरीवर मोर आहेत बाई, चौकोन कुठून आणू?"

मी शिवपुत्रला बोलावून घेतलं. "तुमच्या डोक्यात आलेखाचा कागद बसलाय. तुम्ही आपल्या कारखान्याच्या चौकड्यांवर खेळ बेतलात. सगळं सोलापूर तीच चादर पांघरतं का?"

त्याचा चेहरा पडला. "ह्ये... ध्यानातच आलं न्हाय."

मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. "मांडा," मी म्हणाले. "माझ्याशी खेळा. बघू तरी."

दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नव्हतं. आम्ही मोरांची चादर अंथरली. तिसऱ्याच खेळीला त्यानं माझा पांढरा घोडा मारला.

"माझ्या चांदण्याला मारलंत?"

"चांदण्या कोण?"

"तो घोडा! नाव ठेवलं होतं मी त्याचं."

तो बघतच राहिला. "नाव ठेवलंत तुमी?"

"मग? एवढी देखणी मूर्ती करता, आणि तिसऱ्या खेळीला फेकून देता! दहातले सहा गेल्यावर मी काय करू, हात जोडून बसू? अहो, हरणाऱ्याला आपणहून 'परत मांडा' म्हणावंसं वाटलं पाहिजे. तर खेळ चालेल."

"मग मेलेला परत आणायचा म्हणता?"

"आणा की. गडावर पोचला कुणी, तर एक परत. आणि नियम एका पानात. आणि चौकोन नकोत, वितीनं मोजा. वीत सगळ्यांना असते."

"असते, पण..." त्यानं आपला हात चादरीवर पसरला. "ठेवा तुमचा."

मी ठेवला. शेजारी. त्याची वीत चांगली तीन बोटं मोठी.

"म्हणजे माझा घोडा तुमच्यापेक्षा लांब उडणार," तो म्हणाला. "भांडणं होतील."

"होतील," मी म्हणाले. हात मात्र दोघांनीही उचलला नाही. मग अप्पांच्या चपला वाजल्या आणि मी उगीचच मोर झटकायला लागले.

त्यानंतर तो महिनाभर गायब! ना निरोप, ना पत्ता. मी रोज दाराकडे बघायची आणि स्वतःवरच चिडायची. गड्ड्यात आमचा दरवर्षीचा स्टॉल लागला, त्या दिवशी चाळीस डबे घेऊन हजर. डब्यात एका पानाचे नियम, नाव लिहायला दहा कोऱ्या चिठ्ठ्या आणि मोजायला एक पांढरं सूत.

"कुठे होतात?" मी.

"परत मांडत होतो," तो.

आणि खेळ चालला हो! स्टॉलपुढं चादर अंथरली की हरलेली माणसंच हटेनात. फुलाबाई स्वतः येऊन दोन डबे घेऊन गेल्या. शेवटच्या दिवशी दुपारी एकच डबा उरला. माझा जीव भांड्यात पडला... आणि शिवपुत्रनं गिऱ्हाईक परत पाठवलं. मग दुसरं. मग तिसरं!

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडलेच. "एका डब्यापायी वळसंगला जाणार? तो बघा, तुमचा भाऊ न्यायला आलाय!"

खरंच, सकाळी एकदा डोकावून गेलेले निंगप्पा धोतराचा सोगा सावरत गर्दीतून येत होते.

"त्यो इकायचा न्हाय," शिवपुत्र खाली बघून म्हणाला. "तुमचा हाय."

मी डबा उघडला. सगळ्यात वर पांढरा घोडा, चिठ्ठीवर 'चांदण्या'. खाली घडी केलेला कागद. उलगडला... माझा लाल पंजा! अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पांढरं सूत ताणून ठेवलेलं. मी त्यावर हात ठेवला. तंतोतंत.

"सगळ्या डब्यांत..." मी सुताकडे बोट दाखवलं.

"व्हय. चाळीसच्या चाळीस तुमच्या वितीचे. दुसऱ्या कुणाचं माप घ्यावंसंच वाटलं न्हाय." त्याचे कान लाल झाले होते. "लई आवडता तुमी मला, दाक्षायणी. पहिल्या दिवसापासनं. हात आपटलात तवापासनं."

"मग हे दोन महिने बोलायला काय झालं होतं?" मला रडू येत होतं आणि त्याला बदडावंसंही वाटत होतं. "मीच का सगळं सांगायचं? नियम मी, वीत मी... आता हेही मीच सांगू? मलाही आवडता तुम्ही! झालं?"

"झालं," तो म्हणाला, आणि वेड्यासारखा हसला.

निंगप्पा पुढ्यात येऊन उभे राहिले. "खपले का रं सगळे?"

मी गल्ल्यात डब्याचे पैसे टाकले. "हा चाळिसावा. मी घेतला. मांडा हो."

संध्याकाळी अप्पा स्टॉलवर आले, तेव्हा निंगप्पा चादरीच्या कडेला मांडी घालून 'ह्यो घोडा कुटं जातो?' म्हणून विचारत बसले होते. त्या डावात मी हरले. सपशेल हरले.

"परत मांडा," मी म्हणाले.