मालकांची हरकत

आमच्या देवळाच्या कार्यालयात सात खुर्च्या आहेत. सहा प्लास्टिकच्या, त्या आम्हा विश्वस्तांच्या. सातवी वेताची, हातांची, टेबलाच्या वरच्या टोकाला. ती मालकांची. मालक म्हणजे देव. इमारत, विहीर, मागची जागा, सगळं कागदोपत्री देवाच्याच नावावर, आम्ही नुसते राखणदार. म्हणून मंडळाची एक रीत आहे. ठराव पक्का करण्याआधी चिटणीसाने त्या खुर्चीकडे बघून विचारायचं, "मालक, हरकत?" आणि जरा थांबायचं. हरकत असेल तर मालक उठतील, असं जुनी मंडळी सांगत. रिकामी खुर्ची काय उठणार, कपाळ! चिटणीस मी. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेली बाई. विचारायचे, थांबायचे, पुढचा विषय घ्यायचे.

देवळामागे एक खोली आहे. तिथे माझे मामा राहायचे. तेच पुजारी. आई गेल्यावर मी त्याच खोलीत वाढले. पहाटे मामांचा खोकला ऐकून मला जाग यायची. दोन आखूड, मग एक लांब, तोंडावर हात धरून. कुठेही निघण्याआधी ते तसे खोकायचे, जसं काही खोकल्याशिवाय पाऊल उचलतच नाही. मामी त्याच खोलीत गेली. मामांना स्वतःलाही तिथूनच जायचं होतं. दुसरं काही त्यांनी कधी कोणाकडे मागितलं नाही.

अध्यक्षांना मात्र ती खोली देणगीदारांच्या विश्रांतीसाठी हवी होती. अध्यक्ष बांधकाम धंद्यातले. मोकळी जागा दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटते. मामांना खोली सोडायला लावायचा ठराव त्यांनी सभेपुढे आणला. बाकीच्या तीन विश्वस्तांमध्ये त्यांना उघड विरोध करण्याची धमक नव्हती, पण घरी बसण्याची होती. मी म्हटलं, तेवढं तरी करा. सभेला किमान चार जण लागतात. अध्यक्ष, त्यांच्या मुठीतले वकील आणि मी, असे तीनच जमलो. मी मनात म्हटलं, चला, टळलं.

वकिलांनी चष्मा पुसला आणि वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"चौथे हजर आहेत की."

मी म्हटलं, ते सभासद नाहीत. वकील म्हणाले, सगळ्याचे धनी ते, दर ठरावाला परवानगी त्यांची घेता, मग हजर का धरायचं नाही? देवळाच्या कार्यालयात बसून ती खुर्ची रिकामी आहे असं म्हणायचं कसं? अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, "लिहा बाई, मालक हजर."

मी लिहिलं. दोघे बाजूने, मी विरुद्ध. मग मी खुर्चीकडे वळले आणि पहिल्यांदाच अगदी जिवाच्या आकांताने विचारलं, "मालक, हरकत?" पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी चपला आपटून माती झाडत होतं. ठराव मंजूर झाला.

अध्यक्षांनी शिपायाला गमतीने सांगितलं, सभासद आहेत, मालकांनाही चहा ठेव. शिपायाने कप ठेवला आणि तो फाटकाकडे गेला. आम्ही उठलो तेव्हा तो कप रिकामा होता. मी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी अध्यक्षांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना गाभाऱ्यातून बाहेर यायला उशीर झाला. ओले हात तसेच धरून ते पायरीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत कोणी नाही गं."

मी विचारलं, म्हणजे? ते म्हणाले, रोज त्या उभ्या मूर्तीला आंघोळ घालताना हात लावला की दगड ओळख द्यायचा. आज नुसता दगड आहे. मी त्यांना समजावलं, वयाने बोटं बधिर होतात, डॉक्टरकडे जाऊ. त्यांनी मान हलवली आणि पंच्याने बोटं एकेक करून पुसली. त्यांच्यामागे लोक रांगेत येऊन हात जोडत होते.

पुढची सभा गळक्या छताबद्दल होती. पुन्हा आम्ही तिघेच, चौथे मालक. कार्यालयाच्या खिडक्या बंद होत्या, तरी आत तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. गाभाऱ्याचा वास. गाभारा अंगणापलीकडे आहे. वकिलांनी आपली खुर्ची हळूच मागे सरकवली, तेव्हा माझं लक्ष गेलं. वेताच्या खुर्चीची बैठक खाली गेली होती. मधोमध, खोल, कोणी भारी माणूस बसल्यावर जाते तशी.

जुना वेत सैल पडतो. हे मी स्वतःला सांगितलं आणि उठून बैठकीवर तळहात ठेवून दाबलं. सैल वेत हाताखाली आणखी दबायला हवा होता. तो ताणलेला होता, जराही हलला नाही. आणि गरम होता.

मी हात काढून घेतला आणि पदराला पुसला. अध्यक्षांचा आवाज एरवी फाटकापर्यंत पोचतो. तेच पुटपुटत म्हणाले, "बाई, तो ठराव मागे घेऊन टाका. पुढच्याच सभेत. सगळ्यांना बोलवा."

मला भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून जास्त आनंद झाला, इतका की डोळे भरून आले. जे काही होतं, ते मामांच्या बाजूचं होतं. मी तशीच मागे गेले. मामांनी सामान बांधून ठेवलं होतं. मीच त्यांची वळकटी सोडली आणि मामीचा फोटो परत खिळ्याला लावला.

त्या सभेला सहाही जण आले. दुपारची वेळ, उन्हाचा चौकोन टेबलावर पडलेला. मामांनी हयातभर त्याच खोलीत राहावं, असा ठराव अध्यक्षांनी स्वतः मांडला. सहाही हात वर गेले. वेताची बैठक खालीच होती. तिकडे कोणी बघत नव्हतं.

मला बघावंच लागलं.

"मालक, हरकत?"

वेत करकरला.

बैठक हळूहळू वर आली. सपाट झाली.

लोटलेलं दार उघडलं आणि पुन्हा लोटलं गेलं.

"उठले," वकील म्हणाले.

मी देवळामागे धावले. मामा अंगणात अनवाणी उभे होते, हातात पाण्याचा तांब्या. खोलीचं दार बंद होतं. मी ढकललं. आतून कडी होती.

"पाण्याला बाहेर आलो होतो," ते म्हणाले. त्यांचं अंथरूण, कपडे, मामीचा फोटो, सगळं आत होतं. मी दार ठोठावायला हात उचलला, तो त्यांनी धरला.

"राहू दे. उभं राहून राहून त्यांनाही कंटाळा आला असेल."

पुढे देवळात कोणीतरी घंटा वाजवली. मी म्हटलं, मामा, माझ्या घरी चला. त्यांनी तांब्या उंबऱ्याशी ठेवला, दाराकडे एकदा पाहिलं आणि निघताना सवयीने तोंडावर हात धरला.

दोन आखूड, मग एक लांब. खोकला दाराच्या आतून आला.