डाग न पडलेलं टेबल

लिफ्ट बंद होती, म्हणून ती जिन्याने चढत होती. एका हातात पॉलिशची पेटी, दुसऱ्या हातात चिंध्यांची पिशवी, आणि मनातल्या मनात लिफ्टवाल्यांचा उद्धार चाललेला. तिसऱ्या मजल्यावर एक दार धाडकन उघडलं आणि आतून आलेला माणूस जवळजवळ तिच्यावरच आदळला.

"सॉरी, सॉरी!" तो म्हणाला. मग नाक वर करून थांबला. "हा स्पिरिटचा वास... तुम्ही लाकडाला पॉलिश करता का हो?"

"छे, अत्तर विकते!"

तो क्षणभर खरंच विचारात पडला. मग त्याचं लक्ष तिच्या तपकिरी झालेल्या नखांकडे गेलं आणि तो हसला. आता हसणारी माणसं काय कमी असतात? पण हे हसू असं होतं की आमच्या बाईसाहेब पेटी पायरीवर टेकवून चक्क उभ्या राहिल्या.

"पाच मिनिटं आत येता? आईचं टेबल आहे. ती गेल्यावर ते ताईला द्यायचं ठरलंय. तीन महिन्यांनी ती न्यायला येईल, आणि तिने ते या अवस्थेत बघितलं ना, तर टेबलाआधी मला उचलून बाहेर टाकेल."

टेबल बघून तिचा जीव कळवळला. काळंभोर शिसवी लाकूड, चपड्याचं, म्हणजे लाखेचं, जुनं पॉलिश, आणि त्यावर कपांची, ग्लासांची पांढरी वर्तुळंच वर्तुळं.

"तुम्ही करता काय?" तिने विचारलं.

"लोकांचे डोळे तपासतो. खाली कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे माझं."

"आणि स्वतःला एवढं मोठं टेबल दिसत नाही?"

"जवळचं जरा कमी दिसतं," तो म्हणाला, आणि तिच्याकडे असं नीट बघत राहिला की तिला उगाचच पेटीची कडी तपासावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामाला आली. स्पिरिटचा हलका हात फिरवायचा, जोर लावायचा नाही, एका जागी थांबायचं नाही. एकेक वर्तुळ विरत गेलं. तो दुकान बंद करून आला होता आणि खुर्चीवर बसून बघत होता. टेबलाकडे बघत होता असं त्याचं म्हणणं. मग त्याने चहा केला, आणि तिच्यासाठी आणलेला वाफाळता कप नुकत्याच पुसलेल्या जागेवर... ठेवला!

"अहो!" तिने झडप घालून कप उचलला. "कोस्टर नाहीत का घरात?"

"आहेत की. सहा. कपाटात. फार सुंदर आहेत म्हणून जपून ठेवलेत."

तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे टेबल उघडं आणि कोस्टर कपाटात! आणा ते इकडे. हं... आधी कोस्टर, मग कप. कप हातात घेऊन कोस्टर शोधत फिरायचं नाही. प्रत्येक खुर्चीच्या हाताशी एक हवा, नाहीतर पाहुणे लाजेकाजेस्तव कप लाकडावरच ठेवतात. कप ओढायचा नाही, उचलायचा. आणि गार ग्लासला घाम फुटतो, त्याला खोलगट कोस्टर द्यायचा. लिहून काय घेताय?"

तो खरंच लिहीत होता, चष्म्याचा नंबर लिहायच्या कार्डावर. "विसरलो तर परत बोलवावं लागेल तुम्हाला."

"मग विसरा की," असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिने ते चहाबरोबर गिळून टाकलं.

पंधरा दिवसांनी फोन आला. "तुमचे नियम पाळले, तरी डाग पडला." ती गेली. डाग कपाचा नव्हताच, कोस्टरचा होता. बहाद्दराने कोस्टर धुऊन ओलाच टेबलावर ठेवला होता, रात्रभर! "कोस्टरचं पोट कोरडं हवं," तिने शिकवलं. "खालून पुसल्याशिवाय टेकवायचा नाही." त्याने तेही लिहून घेतलं. मग बोलता बोलता संध्याकाळ झाली. वडिलांकडून आपण हे काम कसं शिकलो ते तिने सांगितलं. त्याने सांगितलं, आई गेल्यावर पहिले काही महिने तो या टेबलावर जेवलाच नव्हता. निघताना पेटी देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली—अगदी जराशी—आणि तिला जिन्याच्या दोन पायऱ्या दिसल्याच नाहीत.

आणखी महिन्याभराने त्याने पुन्हा बोलावलं. या खेपेला सरबताचा ग्लास उचलताना खालचा कोस्टर त्याला चिकटून वर आला आणि धपकन पडला. "गुळगुळीत कोस्टर असाच चिकटतो. खरखरीत घ्या, बुचाचा, म्हणजे कॉर्कचा," ती म्हणाली. आता बुचाचा कोस्टर आला की काम संपलं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. जीव हिरमुसला, पण तोंड कसलं गप्प बसतंय! दारात ती ठसक्यात म्हणाली, "आता कृपा करा हं. मला पुन्हा बोलवायची वेळ आणू नका!"

आणि खरंच, त्याने बोलावलं नाही.

एक आठवडा गेला. दोन गेले. पाच गेले. कामावर असली की फोन खिशात, घरी आली की फोन मांडीवर. कोणाच्या घरी टेबलावर पांढरं वर्तुळ दिसलं की ती फोन काढून बघायची. दुसऱ्यांच्या घरी एवढे डाग पडतात, आणि ज्याच्या घरी पडायला हवेत त्याच्याकडे एकही पडू नये?

"कुणाचा फोन येणारे का गं?" आईने विचारलं.

"कामाचा."

"हो का? कामाच्या फोनची एवढी वाट बघताना तुझ्या वडिलांना कधी बघितलं नाही मी."

"आई, गप ना!"

पण अंथरुणावर पडल्यावर तिचं तिलाच हसू आलं आणि रडूही आलं. कुणी सांगितलं होतं एवढं मन लावून शिकवायला? एखादा नियम हातचा राखला असता तर काय बिघडलं असतं? तिला त्याची आठवण येत होती, बस्स. त्याच्या कार्डावर लिहिण्याची, चहात साखर विसरण्याची, जवळचं कमी दिसण्याची. येत्या रविवारी ताई येणार, टेबल जाणार. टेबलच गेलं की तिला त्या दारात जायला निमित्त तरी कुठलं उरणार?

शुक्रवारी फोन वाजला. "एकदा शेवटचं बघून जाल? ताईला द्यायच्या आधी?"

ती गेली. बॅटरी आडवी धरून तिने टेबल कडेपासून कडेपर्यंत न्याहाळलं. एक तरी डाग, एवढासा... पण छे! काचेसारखं लखलखत होतं मेलं. तो परीक्षेच्या निकालाला उभा राहिल्यासारखा भिंतीपाशी उभा होता.

"पैकीच्या पैकी," ती म्हणाली. "कसं जमवलंत?"

"खरं सांगू? मी इथे बसतच नाही. सहा आठवडे चहा ओट्यापाशी उभा राहून पितोय."

"का पण?"

"तुम्हीच म्हणालात ना, पुन्हा बोलवायची वेळ आणू नका. मला वाटलं... कंटाळलात तुम्ही. म्हटलं, निदान त्रास तरी देऊ नये."

मग ती जी सुटली! "अहो, ती बोलायची रीत असते! पाहुण्याला 'कशाला आणलंत' म्हणतो, म्हणून तो पिशवी परत घेऊन जातो का? इथे मी रोज फोनकडे बघून डोळे फोडून घेतेय, आई मला चिडवतेय, आणि हे... हे ओट्यापाशी उभे!"

"फोनकडे? का?"

"कारण मला यायचं होतं! टेबलासाठी नाही." शब्द सुटून गेला. आता पेटी उचलून पळावं असं तिला वाटलं.

तो जवळ आला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दोनदा मी मुद्दाम डाग पाडणार होतो," तो हळूच म्हणाला. "कप हातात घेऊन उभा राहिलो. पण तुम्ही इतक्या मायेने पुसलेलं... धीर नाही झाला. रविवारी ताई येतेय. तुम्ही याल?"

"टेबल हलवायला?"

"नाही."

"मग कोण म्हणून येऊ?"

"मी ताईला काल सांगून टाकलंय," तो म्हणाला. "म्हटलं, टेबल खुशाल ने. पण ते जिने सावरलं ना, तिला मी या घरातून जाऊ देणार नाही. तिने मला विचारलं, त्या मुलीला हे माहीत आहे का?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, शुक्रवारी विचारतो."

तिने पेटी दाराआड सरकवून ठेवली, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

"ये," ती म्हणाली, "आज चहा मी करते. आणि रविवारी ताई किती वाजता येतायत, ते नीट सांग. मला आईलाही आणायचंय."