टेसासाठी प्रार्थना नको

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी कॉलेजची पाद्री आहे, आणि यातलं काहीही मी रचलेलं नाही.

अमेरिकेत ओहायोतलं आमचं छोटं, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं कॉलेज. तीन नोव्हेंबर, भर दुपार. प्रार्थनागृहात तीनशे माणसं.

टेसा ब्रॉडिनची शोकसभा होती.

टेसा आमची विद्यार्थिनी, माझ्या ऑफिसात काम करायची. नमाजाच्या चटया, ज्यू मुलांच्या मेणबत्त्या, ध्यानाला बसणाऱ्यांच्या उशा... सगळं तीच मांडायची. स्वतःचा मात्र कशावरच विश्वास नाही. विसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं गेली.

हॉस्पिटलात मला म्हणाली होती, "व्हेरा, मी गेल्यावर माझ्या नावानं प्रार्थना नको. शब्द द्या."

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी शब्द दिला.

कॉलेजचे अध्यक्ष हॅस्केल ऐकेनात. "बिशप येणारेत. आपल्याच प्रार्थनागृहात प्रार्थना नाही? लोक काय म्हणतील?"

"टेसाला आवडलं नसतं. आणि सगळ्या धर्मांना दार उघडं, असं आपणच छापतो ना?"

"धर्मांना, व्हेरा. हिला कुठे होता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण टेसाला मी शब्द दिलाय, हे मात्र सांगितलं नाही.

सभेत बिशप उठले. "आपण प्रार्थना करू या..."

माईक बंद पडला.

त्यांनी हसून तो बाजूला ठेवला. खणखणीत आवाजाचा माणूस. ओठ हलायला लागले...

आवाज नाही.

कुणाचं खोकणं नाही. बाकांची करकर नाही. मी पाय आपटला... तोही ऐकू आला नाही.

बिशप पांढरेफटक पडले. त्यांनी तोंड मिटलं... आणि त्याच क्षणी सगळे आवाज परत आले.

"साउंड सिस्टीमचा घोळ," हॅस्केल नंतर म्हणाले. "रिपोर्टमध्ये तसंच लिहा."

"माईक त्यांच्या हातातच नव्हता."

"तसंच लिहा."

मी लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या पत्रकात आलं, बिशपांच्या हृदयस्पर्शी प्रार्थनेनं सर्वांना धीर मिळाला. ते पान मी तिथल्या तिथे फाडलं.

पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं.

त्या दिवशी सभा संपल्यावर टेसाची आई, मार्ला, पायऱ्यांवर माझी वाट अडवून उभी राहिली. डोळे कोरडे. ओठ रागानं थरथरत होते.

"तुम्ही तिला शब्द दिला होता."

"हे... टेसानं सांगितलं होतं तुम्हाला?"

"आत्ता सांगितलं," मार्ला म्हणाली. "सगळं शांत झालं होतं ना... तेव्हा."

टेसा आणखी काय म्हणाली, ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.