पाकटांसाठी मऊ वाळू

वाळू चाळायचं काम आहे म्हणून सारजाबाई लोणावळ्याच्या त्या बंगल्यावर गेली. मुंबईच्या साहेबाला कुत्री-पोपट पाळून कंटाळा आला होता. आता त्याला घरात पाकटं पाळायची होती. पाकट म्हणजे परातीएवढा चपटा मासा, शेपटीला विषारी काटा. ही गोड्या पाण्यातली, बोटीनं परदेशाहून मागवलेली. त्यांच्यासाठी मागच्या अंधाऱ्या दालनात गुडघाभर खोल, ऐसपैस तळं बांधलं होतं. पाकट वाळूत अंग पुरून बसतं. एखादा खडा राहिला तर त्याचं पोट सोलवटतं, म्हणून वाळू पिठासारखी पाहिजे, असा हुकूम होता. माशाच्या पोटाची केवढी ती काळजी!

वाळू आणली भाजे गावच्या रखमाजीनं. तो तिथला जमीनवाला, बंगल्यांची कामं घ्यायचा. सारजाबाई डोंगरातल्या ठाकरवाडीची. जोडीला सरुबाई होती.

"साहेबाची मासळी गादीवर निजनार, आन् आपुन?" सरुबाई म्हणाली.

"आपुन बी निजू की. आधी शेपटीला काटा फुटू दे."

दोघी हसल्या. मग सारजाबाईची चाळणी थांबली.

जाळीवर बजरबट्टूचा मणी होता. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्याच्या मनगटाला बांधतात, तो. त्याचं भोक वाकडं होतं. तापल्या सुईनं तिनंच पाडलेलं.

वाडीत दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत. भाज्याजवळ इंद्रायणीच्या वळणावर हातानं उकरता येईल अशी मऊ वाळू आहे, तिथं पुरतात. वर चपटा धोंडा ठेवतात, भोवती काटेरी फांद्या रोवतात, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. तिची पोर गेल्या माघात तिथं ठेवली होती. कोल्हं आलं नाही. रखमाजी आला.

आणि मणी तेवढा जाळीवर राहिला होता. बाकीचं सगळं तिनं आपल्या हातानं चाळून खाली पाडलं होतं.

"भाऊ, काटं उपटताना कळलं न्हाई व्हय तुमाला?" ती रखमाजीपुढं जाऊन उभी राहिली. "समदी वाळू माघारी न्या. आमची पोरं हायती त्यात."

रखमाजीनं पानाची पिंक टाकली. "तुजं पोर कंचं ते निवडून दाव, सारजे. आत्ता गाडी जुपतो."

गडी फिदीफिदी हसले. संध्याकाळी वाळू तळ्यात पडली, वर पाणी सोडलं, पाण्यात पाकटं सोडली. साहेब खूश होऊन मुंबईला गेला. सारजाबाईनं त्या दालनाची झाडलोट मागून घेतली. पोरीला एकटी टाकून जाणार कशी?

सकाळी तिनं दार उघडलं. आषाढातलं धुकं तिच्यामागून आत शिरलं. आत वास येत होता... माशांचा नव्हे. तान्ह्याच्या टाळूवर जिरवलेल्या तेलाचा. आणि पाण्याच्या कडेनं आवाज येत होता, चुक्... चुक्... अंगावर पिणाऱ्या लेकराचा.

सोबत आलेल्या सरुबाईनं कंदील वर धरला.

वाळू सपाट नव्हती. तळाशी हातहातभर लांबीचे ढिगारे झाले होते, ओळीनं, नदीकाठी असायचे तसे. काही ढिगाऱ्यांवर एकेक पाकट पसरून पडलं होतं. वर ठेवलेल्या धोंड्यासारखं.

"सारजे... चल हितनं..."

सारजाबाई पाण्यात उतरली. कडेच्या ढिगाऱ्यावरचं पाकट आपसूक बाजूला सरलं. काटा उगारला नाही. तिनं तो ढिगारा ओंजळीनं पाटीत भरला, पाटी डोक्यावर घेऊन भाज्यापर्यंत चालत गेली. वळणावर नुसता खड्डा होता. त्यात गढूळ पाणी साचलेलं. ठेवायला जागाच उरली नव्हती. मग तिनं ती वाळू झोपडीत नेली आणि ज्या मेढीला पोरीची झोळी बांधायची, तिच्या बुडाशी ओतली.

दुसऱ्या दिवशी रखमाजी आला. ढिगारे बघून भडकला.

"निवडून दावलं, भाऊ," सारजाबाई म्हणाली. "माजी नेली म्या. बाकीच्यांस्नी न्यायला गाडी जुपा."

"मासं उकरत्यात, येडे! शनवारी साहेब येनार हाय." त्यानं फावड्यानं सगळं सपाट केलं.

पुन्हा सकाळ झाली. या वेळी कुलूप रखमाजीनंच काढलं. तेलाचा वास नव्हता, पिण्याचा आवाजही नव्हता. लहान ढिगारे भिंतीकडेला सरकले होते, आणि मधोमध एक नवा ढिगारा होता. चांगला पुरुषभर लांब. झाडून सगळी पाकटं त्याच्यावर शेजारी शेजारी पडली होती.

"ह्यो... ह्यो कुनाचा?" रखमाजी हसायला गेला.

सारजाबाईनं ढिगाऱ्याकडं बघितलं. मग रखमाजीकडं, डोक्यापासून पायापर्यंत.

"गाडी जुपा, भाऊ."

"जुपतो... जुपतो म्हनलं ना..."

तो मागं सरला. तेवढ्यात पाकटं हलली. पंख हलवत, सावकाश, वाळू पुढं लोटू लागली. ढिगारा पायाकडून छातीपर्यंत पुरा झाला होता. तोंडाकडची बाजू तेवढी भरायची राहिली होती.